परदेशी तुरुंग, जिनिव्हा आणि फी न घेणारा वकील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नकार्यात कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं आणि मी "आंतरराष्ट्रीय मानवाधिकारांची वकिली" म्हटलं, की पुढचे तीन प्रश्न ठरलेले. पहिला: म्हणजे युनोत नोकरी का? दुसरा: मग पैसे कोण देतं? तिसरा जरा बाजूला घेऊन, आवाज खाली आणून: "आमच्या जाऊबाईंचा भाचा तिकडे अडकलाय, काही होईल का?" हे पान खरं तर त्या तिसऱ्या प्रश्नासाठी लिहिलंय. पहिल्या दोघांची उत्तरं ओघात येतीलच.

हा वकील दिवसभर करतो तरी काय?

तारखा लावतो. चेष्टा नाही करत. तुरुंगातल्या माणसाचे नातेवाईक भेटले की तो किती सज्जन आहे इथपासून सुरुवात करतात, आणि ते साहजिक आहे. मला मात्र वेगळंच हवं असतं. कुठल्या दिवशी, किती वाजता नेलं? नेणारे गणवेशात होते का? वॉरंट दाखवलं का, की नुसतं "चला" म्हणाले? घरात त्या वेळी कोण होतं? न्यायाधीशासमोर पहिल्यांदा कधी उभं केलं? वकील कधी भेटला, आणि भेटला तेव्हा पहारेकरी ऐकू येईल इतक्या अंतरावर होता का? एका कागदावर डावीकडे तारीख, मधे घटना, उजवीकडे पुरावा. उजवी बाजू रिकामी राहिली तर मधली ओळ खोडायची. यात माझे पहिले दोन आठवडे जातात.

त्यानंतरचं काम तीन टेबलांवर चालतं. एक टेबल त्या देशातल्या कोर्टाचं. तिथे मी उभी राहू शकत नाही, स्थानिक सनद असलेला वकील लागतो आणि खरी जोखीमही तोच घेतो. दुसरं टेबल संयुक्त राष्ट्रांचं, म्हणजे बहुतेक वेळा जिनिव्हातल्या कार्यालयाला पाठवायचे अर्ज. तिसरं टेबल उघड राजकारणाचं: खासदार, परराष्ट्र मंत्रालयं, पत्रकार, मदत देणारे देश. कायद्याच्या कॉलेजात पहिली दोन शिकवतात. माणूस सुटतो तो पुष्कळदा तिसऱ्या टेबलावर, पण पहिल्या दोन टेबलांवरचा कागद हातात नसेल तर तिसऱ्या टेबलावर कुणी बसूच देत नाही.

काळा कोट घालायची वेळ वर्षातून किती वेळा येते, ते न सांगितलेलं बरं.

प्रो बोनो म्हणजे फुकट ना?

मूळ लॅटिन शब्द 'प्रो बोनो पब्लिको', म्हणजे लोकहितासाठी. वकील आपल्या कामाची फी घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अरबी किंवा फारसी निकालपत्राचं भाषांतर, डॉक्टरांचा अहवाल, विमानाचं तिकीट यांचे पैसे कुणाला तरी द्यावेच लागतात. मोठ्या वकिली संस्था ते स्वतः उचलतात, कधी एखादा निधी उचलतो, कधी कुटुंबावर येतं. म्हणून पहिल्याच भेटीत हा खर्च कोणाचा ते विचारून घ्या. विचारण्यात संकोच कसला?

दुसरं म्हणजे, फी नाही म्हणून जबाबदारी कमी होत नाही. गुप्तता तीच, मुदती त्याच, हलगर्जीपणा केला तर दोषही तोच. उरलेल्या वेळात उरकण्याचं हे काम नव्हे. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमात वकिलाने वर्षाला किमान ५० तास असं काम करावं अशी अपेक्षा आहे. न्यूयॉर्क राज्यात तर २०१५ पासून सनद मिळवण्याआधीच ५० तास भरावे लागतात. आपल्याकडे बार कौन्सिलचे नियम सांगतात की खरी गरज असलेल्याला, पैसे देता येत नसले तरी, कायद्याची मदत मिळाली पाहिजे हे वकिलाने लक्षात ठेवावं. तासांचा हिशोब मात्र कोणी ठेवत नाही.

सरकारी मोफत विधी सेवा ही याहून वेगळी गोष्ट आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. तो तुमचा हक्क आहे. खटला भारतातला असेल तर आधी जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा किंवा १५१०० वर फोन करा. जिनिव्हा कुठे पळून जात नाही.

कुलभूषण जाधवांसाठी हरीश साळवेंनी एक रुपया घेतला. तेही प्रो बोनोच का?

हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो. हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावलेले जाधव आपल्याकडचे, भारतातर्फे उभे राहिलेले ज्येष्ठ वकील साळवे नागपुरात वाढलेले, आणि एक रुपयाची गोष्ट तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनीच २०१७ च्या मे महिन्यात जाहीर केली होती.

फी न घेतल्याबद्दल आदर आहेच. पण काटेकोर बोलायचं तर तिथे पक्षकार भारत सरकार होतं, आणि भारत सरकारला वकिलाची फी परवडते. ज्याला वकील परवडत नाही त्याच्यासाठी केलेलं काम, हा प्रो बोनोचा गाभा. म्हणून मी त्याला देशसेवा म्हणेन, प्रो बोनो म्हणणार नाही. काही सहकारी माझ्याशी यावर भांडतात.

त्यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात तो खटला मानवाधिकारांवर उभा राहिलाच नाही. भारताने नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचाही आधार घेतला होता, पण न्यायालय म्हणालं, आमचा अधिकार फक्त १९६३ च्या वकिलातींच्या संबंधांविषयीच्या व्हिएन्ना करारापुरता आहे. त्या कराराचं ३६ वं कलम सांगतं की परदेशी माणसाला अटक केली, तर त्याला आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे हे विनाविलंब सांगायचं आणि त्याने मागितलं तर वकिलातीला कळवायचं. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी ठरलं की पाकिस्तानने हे कलम मोडलं. लष्करी न्यायालयाच्या शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशीला स्थगिती ठेवा, असा आदेश झाला. सुटका भारताने मागितली होती, ती मिळाली नाही. एका साध्या वाटणाऱ्या कलमाने माणूस फाशीपासून लांब ठेवला, हे त्या निकालातून घ्यावं. बाकीचे ढोल वाहिन्यांनी वाजवले आहेतच.

हेग, स्ट्रासबर्ग, जिनिव्हा. नक्की कुठे जायचं?

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फक्त देश जाऊ शकतात. तिथेच असलेलं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वंशसंहार, युद्धगुन्हे अशा आरोपांवर व्यक्तींवर खटले चालवतं, आणि भारत त्याचा सदस्य नाही. स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवाधिकार न्यायालय सामान्य माणसाला थेट खुलं आहे, पण तक्रार ४६ सदस्य देशांपैकी कुणाविरुद्ध तरी असावी लागते. तुमचा माणूस इटलीत अडकला तर उपयोग, ओमानमध्ये अडकला तर नाही.

उरलं जिनिव्हा. आमचं बहुतेक काम तिथलंच.

जिनिव्हाला अर्ज केला की कोण वाचतं?

तिथे बरीच दारं आहेत. मी सर्वांत जास्त ठोठावते ते मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाचं. १९९१ साली स्थापन झालेल्या या गटात वेगवेगळ्या प्रदेशांतले पाच स्वतंत्र तज्ज्ञ असतात. ते संयुक्त राष्ट्रांचे पगारी नोकर नाहीत. म्हणजे बघा, अर्ज करणारा फुकट काम करतो आणि वाचणाराही.

या दाराच्या दोन गोष्टी मला आवडतात. एक, त्या देशाने कुठल्या करारावर सही केली आहे की नाही याने अडत नाही. दुसरी, देशांतर्गत सगळी कोर्टं संपवून या, अशी अट नाही. अटक होऊन आठवडा झाला असेल तरी अर्ज करता येतो. प्रकृती धोक्यात असेल तर तातडीच्या आवाहनाची वेगळी सोय आहे.

अर्ज गेला की सरकारला उत्तरासाठी ६० दिवस मिळतात, मागितल्यास थोडी मुदतवाढही. सरकारचं उत्तर आमच्याकडे येतं, आम्ही त्यावर म्हणणं मांडतो, मग गट अभिप्राय देतो. साक्षी नाहीत, उलटतपास नाही. सगळं कागदावर. म्हणून तर तारखांचा एवढा हट्ट.

अटक मनमानी ठरायचे पाच प्रकार आहेत. पहिला: अटकेला कायद्याचा आधारच नाही, जसं शिक्षा भोगून झाली तरी सोडलं नाही. दुसरा: बोलणं, लिहिणं, सभा घेणं अशा हक्कांच्या वापराबद्दल अटक. तिसरा: खटला इतका अन्यायाने चालवला की निकालालाच अर्थ उरत नाही. चौथा आश्रय मागणारे आणि स्थलांतरित यांच्याविषयी, ज्यांना फेरतपासणीविना महिनोन् महिने डांबून ठेवतात. पाचवा भेदभावाचा.

दुसरा प्रकार समजावताना मी लोकमान्यांचं उदाहरण देते. १९०८ साली केसरीतल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन हिंदी, आणि मतंही सात विरुद्ध दोनच पडली. सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. न्यायमूर्ती दावर हे ११ वर्षांपूर्वीच्या खटल्यात टिळकांच्याच जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. आजची मोजपट्टी लावली तर दुसरा प्रकार उघडच बसतो आणि तिसऱ्यासाठीही चांगला अर्ज होईल. तेव्हा जिनिव्हाला असं दारच नव्हतं.

एखादं प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगाल का?

आमच्या शेजारचंच घेऊ. मोहम्मद नशीद, मालदीवचे लोकशाही मार्गाने निवडून आलेले पहिले राष्ट्राध्यक्ष. २०१२ मध्ये पायउतार झाले. २२ फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांना अटक झाली आणि १३ मार्चला १३ वर्षांची शिक्षा. राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी फौजदारी न्यायालयाच्या एका न्यायाधीशाला ताब्यात घ्यायला लावलं, आणि हा म्हणे दहशतवाद. आपल्याकडे साध्या चेकच्या खटल्याची पुढची तारीख पडायलासुद्धा १९ दिवस पुरत नाहीत, इथे तेवढ्यात निकाल लागला.

इथे एक कबुली द्यायला हवी. न्यायाधीशाला असं उचलणं ही काही भूषणावह गोष्ट नव्हती, आणि तेव्हा मानवाधिकारवाल्यांनीच नशीद यांच्यावर टीका केली होती. पण त्यांचं कृत्य योग्य होतं का, हा त्या अर्जातला प्रश्न नव्हता. खटला न्याय्य झाला का, एवढंच बघायचं होतं. निकाल देणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी दोघे त्याच प्रकरणाच्या तपासात साक्षीदार होते. बचावाचे साक्षीदार बोलावू दिले नाहीत. तयारीला वेळ मिळत नाही म्हणून वकील खटल्यातून बाहेर पडले, तर पक्षकाराला वकिलाविना शिक्षा झाली. ही तीन वाक्यं लिहायला सोपी दिसतात, पण प्रत्येकामागे कागद लागतो.

अमाल क्लूनी (हॉलिवूडच्या जॉर्ज क्लूनींच्या पत्नी), जेरेड जेन्सर आणि बेन एमरसन या वकिलांनी कार्यगटाकडे अर्ज केला. वर्तमानपत्रांना क्लूनी यांचे कपडे दिसले. त्याच सुमारास माले शहरात नशीद यांच्या एका स्थानिक वकिलावर चाकूहल्ला झाला, त्याची बातमी मात्र आपल्याकडे आतल्या पानावरही शोधावी लागली असती. मी मघाशी म्हटलं ना, जोखीम स्थानिक वकील घेतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये अभिप्राय ठरला: अटक मनमानी, सोडा आणि भरपाई द्या. सरकारने तो साफ धुडकावला. इथपर्यंत ऐकून लोक उठून जातात, पण गोष्ट इथून पुढे आहे. तो अभिप्राय घेऊन मंडळी लंडन, वॉशिंग्टन, ब्रसेल्स फिरली. निर्बंधांची भाषा सुरू झाली. जानेवारी २०१६ मध्ये नशीद यांना पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी ब्रिटनला जाऊ दिलं गेलं, आणि त्या वाटाघाटीत भारत आणि श्रीलंकेचाही हात होता. मे महिन्यात ब्रिटनने त्यांना आश्रय दिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये, सत्ताधारी निवडणूक हरल्यानंतर, ते घरी परतले आणि त्याच महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली.

कार्यगटाने सोडवलं का? नाही. पण शस्त्रक्रियेच्या निमित्ताने दार किलकिलं करणं सरकारलाही सोयीचं वाटावं, अशी परिस्थिती त्या कागदाने आणली.

म्हणजे अभिप्राय बंधनकारक नाही. मग उपयोग काय?

तुरुंगाधिकारी जिनिव्हाचं पत्र बघून किल्ली काढत नाही, हे खरं. लंडनमधल्या इक्वेडोरच्या वकिलातीत अडकून पडलेले 'विकिलीक्स'चे संस्थापक ज्युलियन असांज यांच्या बाजूने २०१५ च्या शेवटी अभिप्राय ठरला, तर ब्रिटन आणि स्वीडन या कायद्याच्या राज्याच्या माहेरघरांनीच तो मानला नाही. ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्याला चक्क हास्यास्पद म्हटलं. पुढे २०२४ मध्ये असांज सुटले ते अमेरिकेशी झालेल्या तडजोडीने.

इराणच्या तुरुंगात डांबलेल्या इराणी-अमेरिकी सियामक नमाझी यांच्या बाजूचा अभिप्राय २०१७ चा, आणि सुटका १८ सप्टेंबर २०२३ ची, तीही कैद्यांच्या अदलाबदलीत. मधली सहा वर्षं त्यांच्या भावाने आणि फी न घेणाऱ्या वकिलाने कुठल्या कुठल्या दारात उभं राहून काढली असतील, याचा हिशोब कुठल्याच अहवालात सापडणार नाही.

आणि कधी उलटही होतं. जेम्स मॉड्सली हा ब्रिटिश तरुण लोकशाहीची पत्रकं घेऊन ब्रह्मदेशात गेला आणि १९९९ मध्ये १७ वर्षांची शिक्षा घेऊन बसला. मघाचेच जेन्सर तेव्हा कायद्याचे विद्यार्थी होते. त्यांनी याच कार्यगटाकडे अर्ज केला, अनुकूल अभिप्राय आला, आणि ऑक्टोबर २००० मध्ये मॉड्सली घरी. त्या अनुभवातून पुढे 'फ्रीडम नाऊ' ही संस्था निघाली.

उशिराचं उदाहरण आपल्या दाराशी आहे. आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी, वय ८४, पार्किन्सनचे रुग्ण, भीमा कोरेगाव प्रकरणातले कच्चे कैदी, मुक्काम तळोजा तुरुंग. पाणी पिण्यासाठी सिपर मागावा लागला, त्यासाठीही कोर्टाची पायरी चढावी लागली. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला, जामिनाचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात प्रलंबित असताना. कार्यगटाने त्यांची अटक मनमानी ठरवली ती नोव्हेंबरमध्ये. आम्ही व्याख्यानांत या अभिप्रायाचं महत्त्व सांगतो. तळोजाचा रस्ता मी पाहिलेला आहे, म्हणून मला ते सांगताना जड जातं.

भारताविरुद्ध तक्रार करता येते का?

काही दारांतून येते. १९७९ साली भारताने नागरी व राजकीय हक्कांचा करार मान्य केला, पण त्याखाली व्यक्तीला तक्रार करू देणारा पूरक करार मान्य केलेला नाही. नेपाळ, श्रीलंका, मालदीव यांनी केला आहे. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही झाली, मान्यता आजवर नाही. त्यामुळे या करारांखालच्या समित्यांकडे भारतीय माणूस भारताविरुद्ध जाऊ शकत नाही. कार्यगट आणि विशेष प्रतिवेदक, म्हणजे एकेका विषयावर नजर ठेवणारे संयुक्त राष्ट्रांचे स्वतंत्र तज्ज्ञ, यांच्याकडे मात्र जाता येतं.

शिवाय करार आपल्या कोर्टातही कामाला येतात. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. संसदेला त्यावर कायदा करायला २०१३ साल उजाडलं.

आमचा मुलगा आखातात, किंवा जहाजावर असताना, अटकेत पडला आहे. आज काय करू?

आज पहिला फोन त्या देशातल्या भारतीय वकिलातीला. मघाचं ३६ वं कलम आठवा: मुलाने स्वतः "मला माझ्या वकिलातीशी बोलायचंय" असं म्हणणं फार महत्त्वाचं. त्याच्याशी दोन मिनिटं बोलता आलं तर रडण्याआधी हे एक वाक्य सांगा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. पैशांची अडचण असेल तर वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, त्यातून गरजूंना वकिलासाठी मदत मिळू शकते. आपोआप कोणी देत नाही, लेखी मागावी लागते.

आज करू नये अशी गोष्ट: न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही. मुलालाही तेच सांगा. आखातात पुष्कळांचं प्रकरण तिथेच बिघडतं, कारण "सही कर, उद्या सोडतो" असं सांगितलेलं असतं आणि तो कबुलीजबाब निघतो. एका कुटुंबाने मुंबईतल्या एका एजंटाला "आतली ओळख आहे" या भरवशावर दागिने मोडून पैसे दिले होते. माझ्याकडे आले तेव्हा अपिलाची मुदत संपून गेली होती. कागद असते तर अपील करता आलं असतं असं मला अजून वाटतं, पण ते त्यांना मी कधी बोलले नाही.

पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार, शेवटचे व्हॉट्सॲप संदेश यांच्या प्रती आजच दोन ठिकाणी ठेवा. शिक्षा होऊन गेली असेल, तर कैदी परत आणण्याच्या २००३ च्या कायद्याखाली उरलेली शिक्षा भारतात भोगता येण्याची वाट काही देशांच्या बाबतीत आहे. दोन्ही सरकारं आणि कैदी स्वतः, तिघांची संमती लागते.

आणि हो, प्रत्येक अटक मनमानी नसते. चोरीचा आरोप, वकील दिला, भाषांतरकार दिला, खटला रीतसर चालला, तर जिनिव्हाला काही होणार नाही. तिथे चांगला स्थानिक फौजदारी वकील हवा, माझ्यासारखी नको.

वर्तमानपत्रात द्यावं का?

घाई नको. काही सरकारं बातमीने वरमतात, काही हट्टाला पेटतात. तुरुंगातल्या माणसाला विचारता आलं तर त्याला विचारा, कारण परिणाम त्याने भोगायचे असतात. आधी स्थानिक वकील, मग वकिलात, मग पत्रकार. एकदा छापून आलेलं मागे घेता येत नाही.

उद्या तो खरंच अतिरेकी निघाला तर? अशांची बाजू घेताना काही वाटत नाही?

हा प्रश्न माझ्या सख्ख्या मामाने विचारला होता, जेवताना. मी त्याला विचारलं, तुझ्यावर खोटा आरोप आला तर कसला वकील शोधशील? तो म्हणाला, चांगला. एवढ्यावर भात संपला.

हे काम धोक्याचं आहे का?

मी पुण्यात बसून अर्ज लिहिते, मला फार तर पाठदुखी होते. तुरुंगाच्या गावात सनद असलेल्यांचं तसं नाही. चीनमध्ये ९ जुलै २०१५ पासून वकिलांची जी धरपकड झाली तिच्यात तीनशेहून अधिक वकील आणि कार्यकर्ते सापडले. इराणमध्ये नसरीन सोतुदे यांना हिजाबला विरोध करणाऱ्या स्त्रियांची वकिली केल्यावर स्वतःलाच तुरुंगात जावं लागलं. आपल्याकडे दहशतवादाच्या खटल्यांतल्या आरोपींची वकिली करणाऱ्या शाहीद आझमी यांना ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्याच्या त्यांच्या ऑफिसात गोळ्या घातल्या, आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना भीमा कोरेगाव प्रकरणात जून २०१८ मध्ये अटक झाली. वकिलाला त्याच्या पक्षकाराशी किंवा पक्षकाराच्या मतांशी एक समजू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना तत्त्वांत लिहिलेलं आहे. वाचणारे थोडे.

मुलीला यातच जायचंय. काय शिकावं?

आधी फौजदारी वकिली. दोन वर्षं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात रिमांडची कामं करू दे. अटक म्हणजे काय हे ज्याने पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसून पाहिलेलं नाही, त्याचे अर्ज सुंदर इंग्रजीत असतात आणि पोकळ असतात. मग हवं तर जिनिव्हा किंवा एसेक्सला एलएल. एम. करावं, शिष्यवृत्ती मिळाली तर. फ्रेंच, अरबी किंवा फारसी यांतली एखादी भाषा आली तर सोनंच. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभिरूप न्यायालय (मूट कोर्ट) स्पर्धा चांगल्या, पण तिथे समोर बसलेला न्यायाधीश प्रश्न विचारून तुम्हाला संधी देतो. खऱ्या अर्जात कुणी विचारत नाही.

पैशांचं आधीच सांगते. मानवाधिकारांची घोषणा करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, आणि जिनिव्हात राहणं महाग. ज्यांच्या आईवडिलांना परवडतं तीच मुलं तिथे दिसतात. मग जगभरच्या गरिबांचे अर्ज कोण चाळतं, ते तुम्हीच समजून घ्या. पोट भरण्यासाठी आमच्यातले बहुतेकजण दुसरं काहीतरी करतात: शिकवतात, कंपन्यांची कामं घेतात. माझ्या घराचा हप्ता भाडेकरारांवर चालतो. सरकारशी लढणारी बाई म्हणून ज्यांनी मनात चित्र रंगवलंय त्यांचा हे ऐकून विरस होतो.

आमचं प्रकरण तुम्ही घ्याल का?

सगळी घेता येत नाहीत, आणि नाही म्हणायला मला वेळ लागतो, म्हणून आधीच माफी. घ्यायचं ठरलं तर तुरुंगातल्या माणसाची किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती लागेल. त्याच्या नकळत, मित्रांच्या उत्साहावर मी अर्ज करत नाही.

लिहिताना दोन पानांत लिहा. मराठीतच लिहा, भाषांतर माझं काम. तो कसा स्वभावाचा आहे, लहानपणी कसा होता, हे मी नंतर सावकाश ऐकेन, खरंच ऐकेन. पहिल्या ओळीत तेवढी अटकेची तारीख टाका.